बोअर मारण्याआधी जमिनीला विचारूया

आज बोलायला सुरुवात करतो ती आमच्याच एका चुकीपासून.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईंनी बोअरसाठी कर्ज मागितलं. त्यांचं घर खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात. दोन खोल्या पर्यटकांना देतात आणि मे महिन्यात विहिरीचं पाणी पुरत नाही. मागणी रास्त होती. त्यांनी आजवर एकही हप्ता चुकवला नव्हता. बैठकीत ठराव झाला, सह्या झाल्या, पैसे दिले. पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली. मशीन आलं, दीडशे फुटांवर पाणी लागलं. आम्ही सगळ्या जमलो होतो. नारळ फोडला, त्याच पाण्याचा चहा केला. चहा चांगला झाला होता.

तीन आठवड्यांनी ताईंचा फोन आला. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, पाहुणे पाण्याची चव विचारू लागले. आणखी पंधरा दिवसांनी पाणी तोंडात धरवेना. आणि एवढ्यावर थांबलं नाही. शेजारच्या काकी, त्याही आमच्याच गटातल्या, बैठकीला आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गो बायांनो, तुमच्या बोअरिंगान माझी बाव बाटवली." त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासून गोडी असलेली बाव खारट झाली होती.

कर्जाचा हप्ता मात्र पाणी गोडं की खारं ते बघत नाही. तो ताईंना अजून भरावा लागतो. आम्ही ताईंची पत तपासली होती, जमीन तपासली नव्हती. ती तपासता येते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढचं वर्षभर आम्ही याविषयी विचारत, वाचत राहिलो. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं

आधी पाणी खारं का झालं ते समजून घेऊ. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं. गोड्या पाण्याचा १,००० किलोचा हौद भरला, तर तेवढ्याच हौदात समुद्राचं पाणी साधारण १,०२५ किलो भरतं. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या जमिनीत पावसाचं मुरलेलं गोडं पाणी वर राहतं आणि समुद्राचं पाणी त्याच्याखाली राहतं. भाताच्या पेजेवर तुपाचा थर राहावा, तसं.

या दोन पाण्यांचा एक हिशेब आहे. हॉलंड आणि जर्मनीतल्या दोन अभियंत्यांनी तो शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मांडला. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक मीटर वर असेल, तर त्याच्याखाली गोडं पाणी सुमारे ४० मीटर खोल असतं. ऐकायला बरं वाटतं. पण हाच हिशेब उलटा चालवून बघा. पंप लावून आपण पातळी एक मीटर खाली नेली, तर खालचं खारं पाणी हळूहळू ४० मीटरपर्यंत वर चढू शकतं. हा नियम वाळूच्या जमिनीला जास्त लागू पडतो. दगडात भेगा असतात, तिथे हिशेब इतका सरळ नसतो. पण मुद्दा तोच राहतो. किनाऱ्याला खोल जाणं म्हणजे गोड्या पाण्याजवळ जाणं नव्हे, बऱ्याचदा खाऱ्या पाण्याजवळ जाणं असतं.

देवबागची जमीन डोळ्यांपुढे आणा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी जुन्या माणसांनी उथळ बावी खणल्या आणि पोहऱ्याने पाणी काढलं. आपला सिंधुदुर्ग किल्लाही तसाच. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर तो बांधून घेतला. चारी बाजूंनी समुद्र, पण आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या बावी. त्या खणल्या तेव्हा पंप नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं.

मिठाच्या पाण्यातून वीज सहज जाते

खालचं पाणी गोडं की खारं हे वरून कसं कळणार? इथे वीज मदतीला येते.

हा प्रयोग बैठकीत करून बघा. टॉर्चचे तीन सेल, एक छोटा लाल एलईडी दिवा, थोडी वायर आणि दोन खिळे घ्या. वायर मध्ये तोडून दोन्ही टोकांना खिळे बांधा. खिळे चार बोटांच्या अंतराने पावसाच्या पाण्यात धरा. दिवा लागत नाही, किंवा जेमतेम मिणमिणतो. आता त्याच पाण्यात चमचाभर मीठ घाला. दिवा लख्ख लागतो. मिठामुळे पाण्यातून वीज वाहण्याची वाट मोकळी होते. पण एक सांगून ठेवतो. हा प्रयोग फक्त सेलवर करायचा. घरातल्या प्लगची वीज यासाठी कधीही वापरायची नाही.

वीज किती सहज वाहते, त्याला विद्युतवाहकता म्हणतात. जमिनीलाही ती असते. कोरड्या जांभ्यातून वीज फार कमी वाहते. गोड्या पाण्याने भिजलेल्या वाळूतून थोडी वाहते. चिकणमातीतून त्याहून जास्त. खाऱ्या पाण्याने भरलेल्या वाळूतून सगळ्यात जास्त. म्हणजे खणल्याशिवाय जमिनीची वाहकता मोजता आली, तर खाली काय आहे याचा बराचसा अंदाज येतो.

खुंट्यांची पद्धत आणि वेटोळ्यांची पद्धत

ही मोजणी दोन तऱ्हांनी होते.

पहिल्या पद्धतीत जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडतात आणि आतल्या दोन खुंट्यांवर दाब मोजतात. बाहेरच्या खुंट्या जितक्या दूर न्याव्या, तितकी वीज खोलवरून फिरून येते. अशी थराथराची माहिती मिळते. सरकारी भूजल खातं आणि खासगी सर्वेक्षण करणारे बहुतेक हीच पद्धत वापरतात. आपल्याकडची अडचण म्हणजे जांभ्याचा सडा. तिथे खुंटी ठोकायला घाम निघतो, आणि ठोकली तरी कोरड्या दगडात वीज शिरत नाही. म्हणून खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओततात.

दुसऱ्या पद्धतीत काहीच ठोकावं लागत नाही. तिला विद्युतचुंबकीय पद्धत म्हणतात. नाव मोठं आहे, पण तिची बहीण आपल्यापैकी अनेकींच्या स्वयंपाकघरात आहे. ती म्हणजे इंडक्शन शेगडी. शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते काचेतून वर जातं आणि लोखंडी भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखी फिरणारी वीज निर्माण करतं. त्या विजेनेच भांडं तापतं. शेगडीवर मातीचं गाडगं ठेवलं तर ते तापत नाही, कारण त्यातून वीज वाहत नाही. बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलं.

जमीन मोजणारं यंत्रही हेच करतं. एक वेटोळं जमिनीजवळ धरतात आणि त्यात उलटसुलट वीज सोडतात. त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. खालची जमीन गाडग्यासारखी असेल, म्हणजे कोरडा जांभा असेल, तर फारसं काही घडत नाही. ती लोखंडी भांड्यासारखी असेल, म्हणजे खाऱ्या पाण्याने भरलेली असेल, तर तिच्यात विजेचे भोवरे फिरू लागतात. त्या भोवऱ्यांचंही स्वतःचं छोटं चुंबकीय क्षेत्र असतं. ते थोड्या अंतरावरचं दुसरं वेटोळं टिपतं. जितकं ते जोरकस, तितकी जमिनीची वाहकता जास्त.

दोन वेटोळ्यांमधलं अंतर वाढवलं की यंत्र खोलवरचं बघतं. शेतासाठी एक मीटर लांबीचं, हातात धरून चालण्याजोगं यंत्र असतं. ते साधारण दीड मीटर खोलीपर्यंतची माती बघतं. मोठ्या यंत्रात दोन माणसं एकेक वेटोळं घेऊन १०, २० किंवा ४० मीटर अंतरावर उभी राहतात. त्यातून ६० मीटरपर्यंतचा अंदाज येतो. खुंट्या नाहीत, खड्डे नाहीत, त्यामुळे दिवसभरात बराच परिसर चालून होतो.

आपल्याकडे आणि आपल्या राज्यात झालेलं काम

हे सगळं परदेशातलं असेल असं आम्हाला वाटलं होतं. पण नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपल्या मालवणच्या परिसरातच खुंट्यांच्या पद्धतीने मोजणी केली आहे. त्यावरचा त्यांचा अभ्यास २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झाला.

या संस्थेची एक जुनी गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत होत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा तिच्या विजेमुळे मोजमाप बिघडणार हे शास्त्रज्ञांनी ओळखलं. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू केली. आज आपल्या वाडीत मोजणी करायची झाली तरी तीच काळजी घ्यावी लागते. विजेची लाइन, तारेचं कुंपण, लोखंडी पाइप, पत्र्याची शेड जवळ असली की यंत्र चुकतं. मोजणीवाला या सगळ्यापासून दूर जायला सांगत असेल तर तो कटकट करत नाही, त्याचं काम नीट करतो आहे असं समजा.

वेटोळ्यांची पद्धत आपल्या राज्यात मोठ्या प्रमाणावर झाली ती नागपूर जिल्ह्यात, चंद्रभागा नदीच्या पाणलोटात. केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी देशात सहा ठिकाणी जमिनीखालच्या पाण्याचे नकाशे करून बघितले. त्यात डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठाचं साहाय्य होतं. नागपूरच्या जोडीला राजस्थानचं वाळवंट, बिहारचं गंगेकाठचं खोरं आणि तमिळनाडूतला कडलूरचा किनाराही होता. तिथे वेटोळं माणसांनी हातात धरलं नाही, ते हेलिकॉप्टरखाली टांगलं. भल्या मोठ्या चौकटीभोवती तारा गुंडाळलेल्या, त्यातून वीज सोडायची आणि झटकन बंद करायची. देवळातली घंटा वाजवून हात काढला तरी नाद थोडा वेळ राहतो, तसे जमिनीतले विजेचे भोवरे क्षणभर राहतात आणि विरतात. कोरड्या दगडात ते लगेच विरतात, खाऱ्या किंवा चिकणमातीच्या जमिनीत रेंगाळतात. त्या विरण्याच्या वेगावरून खालचे थर ओळखता येतात.

हेलिकॉप्टर आपल्या वाडीवर येणार नाही, हे खरं. पण तत्त्व तेच आहे, आणि साधी मोजणी आपल्या आवाक्यातली आहे.

आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

इथे नीट लक्ष द्या, कारण पैसे वाया जातात ते इथेच. हे यंत्र पाणी शोधत नाही. ते फक्त वीज किती सहज वाहते एवढंच मोजतं.

जांभ्याच्या खाली आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मऊ, चिकट, पांढरट-गुलाबी माती लागते. विहीर खणणाऱ्यांना ती चांगली माहीत आहे. चिकणमातीतून वीज बऱ्यापैकी वाहते. म्हणून नुसत्या आकड्यावरून ती माती आहे की मचूळ पाणी, हे सांगता येत नाही. दोघांचे आकडे एकमेकांच्या जवळ येतात. मग त्या जागेजवळच्या बावीचं पाणी तपासायचं, जुन्या बोअरला कोणत्या फुटावर कोणती माती लागली ते विचारायचं आणि आकड्याशी ताडून बघायचं. यंत्राचा आकडा आणि गावची माहिती एकत्र आल्यावरच अर्थ लागतो.

दुसरं, पाणी किती मिळेल हे यंत्र सांगत नाही. आपल्या जिल्ह्यात जांभ्याखाली कुठे काळा दगड, कुठे ग्रॅनाईटसारखा कठीण दगड आहे. त्यात पाणी असतं ते भेगांमध्ये. बारीक भेग यंत्रातून निसटू शकते. पण किनाऱ्यालगत एक गोष्ट यंत्र बऱ्यापैकी खात्रीने सांगतं. खोल जाताना वाहकता एकदम खूप वाढली, तर तिथे खारं पाणी असण्याचा धोका आहे. आमच्या ताईंना एवढंच जरी आधी कळलं असतं, तरी बोअर तिथे झाली नसती.

खार जमिनीत भात लावणाऱ्या मैत्रिणींनाही याचा उपयोग आहे. बंधारा फुटला, भरतीचं पाणी शेतात शिरलं, की मीठ कुठे किती साचलं हे डोळ्यांना दिसत नाही. हातात धरायच्या यंत्राने शेताचा खारटपणा तुकड्या-तुकड्याने मोजता येतो. यंत्र नसेल तर मातीचे नमुने तपासून घ्यायचे. मातीची वाहकता मीटरला ४ डेसिसिमेन्सच्या वर गेली की ती क्षारयुक्त धरतात. अशा जमिनीसाठी कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती काढल्या आहेत.

आता आपण काय करायचं

मोठी यंत्रं सरकारकडे आणि संस्थांकडे असतात. पण वाहकता मोजण्याचं एक छोटं यंत्र आपल्याला परवडतं. पेनाएवढं टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतं. ते पाण्यातून किती वीज वाहते हे मोजून त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंतची सवलत आहे. समुद्राच्या पाण्यात हाच आकडा ३५,००० च्या घरात असतो. म्हणजे शंभर कळश्यांत समुद्राची एक कळशी मिसळली तरी ३५० वाढतात, आणि पाच मिसळल्या तर १,७५०. गोड्या बावीला बिघडायला फार खारं पाणी लागत नाही. मीटर मात्र फक्त क्षार सांगतं. रोगजंतू सांगत नाही, हे विसरू नका. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते विचारा, त्यांना सोबत घ्या.

आम्ही गटासाठी एक मीटर घेतलं आणि एक वही केली. किनाऱ्यापासून आत जाताना लागणाऱ्या प्रत्येक बावीचं पाणी महिन्यातून एकदा तपासतो. तारीख, आकडा, पाण्याची पातळी किती हात, पंप चालू होता की बंद, एवढं लिहितो. ही वही म्हणजे आमच्या वाडीच्या पाण्याची पासबुकं आहेत. कोणत्या बावीची गोडी कधी घटते, हे आता आम्हाला मे महिन्याआधी कळतं.

बोअरच्या कर्जासाठी आम्ही ठरावही बदलला. अर्जदार ताईंची पत बघतोच, पण आता आणखी चार गोष्टी विचारतो.

पहिली, मोजणी झाली का? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय आपल्या जिल्ह्यात आहे. ग्रामपंचायतीमार्फत तिथे चौकशी करता येते.

दुसरी, मोजणी खासगी माणसाकडून झाली असेल, तर त्याने प्रत्येक खोलीचा आकडा लिहून दिला का? "इथे पाणी आहे" एवढं तोंडी सांगणं म्हणजे मोजणी नव्हे.

तिसरी, किती खोलीच्या खाली जायचं नाही, हे त्याने सांगितलं का? किनाऱ्याला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे.

चौथी, शेजारच्या बावी कोणाच्या, आणि त्यांना विचारलं का? पाण्याला कुंपण नसतं. माझ्या पंपाचं दुखणं शेजारणीच्या बावीला होतं, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं.

पाणाड्यांबद्दल कोणी विचारतं, की त्यांना बोलवायचं नाही का? आम्ही कोणाच्या श्रद्धेला नाही म्हणत नाही. नारळ हवा तर ठेवा. पण नारळ गोडं पाणी की खारं, हे सांगत नाही, आणि हप्ता आपल्यालाच भरायचा असतो. म्हणून मोजणीचा कागद हातात आल्याशिवाय गटाचा पैसा बोअरला जात नाही.

त्या ताईंनी शेवटी बोअरवर झाकण घातलं. आता छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतात आणि उरलेलं बावीशेजारच्या शोषखड्ड्यात सोडतात. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो जमिनीत मुरला, तर खाऱ्या पाण्याला खाली दाबून ठेवतो. दोन पावसाळ्यांनंतर शेजारच्या काकींच्या बावीचा आकडा वहीत खाली उतरला. अजून पूर्वीसारखी गोडी नाही. पण परवा त्यांनी त्याच पाण्याचा चहा करून आम्हाला दिला आणि हसून म्हणाल्या, "आता लिवा वहीत."

मैत्रिणींनो, तुमच्या गटात बोअरचा अर्ज आला असेल तर सही करण्याआधी हे चार प्रश्न बैठकीत मोठ्याने वाचा. आणि या महिन्यात एक तरी बाव मोजून वहीत लिहा.